मुंडकाराचं शिंग

बादलीत आज एकोणीस.
रात्रभर फेरोमोनच्या पुडीनं बोलावलेले,
चार पाण्यात बुडालेले, बाकीचे एकमेकांवर चढून
प्लास्टिकला नखं घासतायत.
खांडोळ्याच्या भाटातून आग्नेलो ती आणतो,
स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये,
वर ओलं गोणपाट,
आणि टेबलावर ठेवून म्हणतो, घे गो, तुझे पाव्हणे.

एकेकाला उलटा धरते.
शेपटाशी तांबूस लव असली तर मादी, डाव्या ताटलीत.
उरलेल्यांची शिंगं मोजायची.
नऊ पूर्णांक चार.
तीन पूर्णांक एक.
आठ.
अडीच. अडीच म्हणजे शिंग कसलं,
कपाळावर राहून गेलेली शंका.

बाबा यांना व्हर्नियरशिवाय ओळखायचा.
शाणू पाडेली. कमरेला कोयता, हातात लोखंडी आकडी,
माडाच्या शेंड्यात खांद्यापर्यंत हात घालून
भुंगा टोचून काढायचा
आणि वरूनच हाळी द्यायचा:
"भाटकार!"
की लांब शिंगाचा धप्पकन खाली.
"मुंडकार!"
की आखूड शिंगाचा.
मी खाली पत्र्याचा डबा घेऊन, मान वर.
एकदा ते खऱ्या भाटकाराच्या कानावर गेलं.
त्या महिन्याची मजुरी नारळांत मिळाली,
त्यातले निम्मे खवट.

मला वाटायचं, मुंडकार म्हणजे पोरं आहेत, वाढतील.
एक ठेवला करवंटीत, तोंडाला फडकं बांधून.
उसाची कांडी, पिकलं केळं,
माझ्या वाटचा गूळसुद्धा.
रोज दोऱ्यानं शिंग मापायची.
विसाव्या दिवशीही दोरा तेवढाच.
बाबा विडी पेटवत म्हणाला,
"वाढायचं ते गायरीत वाढून झालं गो त्याचं.
आता फक्त उडायचं."

केंद्रातल्या लुर्दीना मॅडमनी हेच सांगितलं,
फळ्यावर, दोन रंगांचे खडू घेऊन.
हुमणीला शेण किती मिळालं, ओल किती होती,
शेजारी किती तोंडं होती,
त्यावर शिंग.
कोषातून निघतो तेव्हा मऊ असतो, लालसर,
मग कवच काळं पडतं आणि हिशेब मिटतो.
एकाच मादीची अंडी, एकच गायरी,
ढिगाच्या मध्ये एक, काठाला दुसरा.
सरासरी साडेसहा, मी वहीत लिहिलं.
साडेसहाचा एकही भुंगा
बादलीत नव्हता.

थोरला दामोदर आमच्या दाराच्या चौकटीला
अजून डोकं आपटतो.
माझ्यासाठी केंद्रात एक स्टूल आहे,
वरच्या फळीवरच्या बाटल्या काढायला.
मी आईच्या पोटात होते त्या साली बाबा माडावरून पडला.
आठ महिने खाट. घरात पेज आणि सोलं,
पेजेतली शितं आधी दामोदरला.
हे कुणी चोरून केलं नाही.
मी कुणाला विचारलंही नाही.

एक मात्र बाबा नेहमी सांगायचा.
भुंगा कोंब कुरतडतो तेव्हा कोंब मिटलेला असतो,
तेव्हा काही दिसत नाही.
महिन्या-दोन महिन्यांनी चुडत उलगडतं
आणि मग उजेडात येतात
दोन्ही बाजूंना तिरपे, कात्रीनं कापावेत तसे काप,
देवळाच्या पताकेसारखे.
खाली उभं राहून सांगता येत नाही
हे भाटकारानं केलं की मुंडकारानं.

एकोणिसावा अजून हातात आहे.
दोन पूर्णांक दोन, आजचा सगळ्यांत कमी.
पायांनी माझा अंगठा असा धरलाय
की चिमट्यानं सोडवावा लागेल.
वहीत शेवटचा रकाना आहे, शेरा.
मी तो रोज कोरा ठेवते.
आज लिहिलं, पकड चांगली.
मॅडम खोडतील.